डिपॉझिट म्हणजे घरमालकाची मेहेरबानी नव्हे!

घर मिळवताना आडवी येणारी जात आपल्या ओळखीची आहे. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला पारशी नाव सांगून राहावे लागले आणि जात कळताच तिथूनही हुसकावले गेले. हा इतिहास आपण सांगतो, सांगायलाच हवा. पण घर सोडताना जी जात आडवी येते तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

पुण्यासारख्या शहरात आपली मुले-मुली अकरा महिन्यांच्या करारावर खोली घेतात. डिपॉझिट स्कॉलरशिपमधून येते, नाहीतर आईचे दागिने गहाण ठेवून. खोली सोडताना मालक बोट दाखवतो : रंग उडालाय, नळ गळतोय, कडी ढिली झालीय. "तुम्ही लोकांनी घराची वाट लावली!" आणि डिपॉझिट गेले. नुकसान किती, हे मोजण्याआधीच ते कोणी केले हे या 'तुम्ही लोक'मध्ये ठरलेले असते.

आमची भूमिका स्पष्ट आहे. आपल्या हातून बेसिन फुटले, काच तडकली, तर त्याचे पैसे आपणच द्यायचे, तेही मागायची वाट न पाहता. हक्क सांगणाऱ्याने जबाबदारी झटकू नये. पण वापराने होणारी झीज म्हणजे नासधूस नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ भाडेकरूवर घर नीट ठेवण्याची जबाबदारी टाकते आणि त्यातून वाजवी झीज वगळते. गच्चीतून झिरपलेल्या पाण्याने आलेली ओल भाडेकरूने आणलेली नसते. तीन वर्षे जुन्या रंगाची पूर्ण किंमत शेवटच्या भाडेकरूने का भरावी?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर घर दुरुस्त ठेवणे मालकाचे काम आहे. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. हे लिव्ह अँड लायसन्सलाही लागू आहे. असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे तर मालकाने पुरावा द्यायचा. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून करार सही करण्याआधी वाचा. दुरुस्ती आणि रंगाचा खर्च कोणाकडे, हे त्यात लिहून घ्या. सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, खिडकीचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा. बिघाड झाला की त्याच दिवशी लेखी कळवा. डिपॉझिट बँकेतून द्या. कपात झाली तर प्रत्येक रकमेचे बिल मागा.

"भांडलो तर पुढची खोली मिळणार नाही," असे आपली मुले म्हणतात. ही भीती खरी आहे, म्हणूनच एकट्याने भांडू नका. प्रत्येक वसतिगृहात, अभ्यासिकेत, विहारात करार वाचून देणारा एक वकील मित्र आणि मालकाकडे सोबत जाणारे चार कार्यकर्ते उभे करणे आपल्याला जमण्यासारखे आहे. जयंतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा एका कायदेशीर नोटिशीसाठी ठेवला, तर एखाद्या विद्यार्थिनीचे पुढचे सत्र वाचेल.

जय भीम!