कागदी रणगाडा

यंदाच्या हस्तकला-प्रदर्शनात मांडलेल्या कागदी रणगाड्याविषयी एका पालकांनी आमच्याजवळ नापसंती व्यक्त केली. मुलांनी देवळे करावीत, गलबते करावीत. ही संहाराची यंत्रे शाळेत कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न सद्भावनेने विचारलेला होता आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तथापि आमचे मत भिन्न आहे.

पेडणे-डिचोलीच्या मुलांना कागद परका नाही. चतुर्थीची आरास, दिवाळीचा आकाशकंदील, नरकासुराचे अक्राळविक्राळ मुंडके, ही सारी कागद आणि खळ यांचीच किमया. पण नरकासुराचे नाक वीतभर लांबले तरी कोणी जाब विचारीत नाही. रणगाड्यास माप लागते. मुलांनी निवडला तो अमेरिकन बनावटीचा हलका स्टुअर्ट. त्याच्या एम-३ नमुन्याची लांबी सुमारे साडेचार मीटर व रुंदी सव्वादोन मीटर. पोलंडमध्ये १९५७ साली मुलांसाठी कापून जोडावयाच्या प्रतिकृतींचे एक मासिक सुरू झाले. तिकडे रणगाड्यांसाठी रूढ झालेले १:२५ हे प्रमाण आमच्या मुलांनीही घेतले. म्हणजे लांबी अठरा सेंटिमीटर, रुंदी नऊ. लग्नपत्रिकांचा जाड कागद अंगाला, खोक्याचा नालीदार पुठ्ठा पट्ट्यांना, आणि ३७ मिलिमीटरच्या तोफेची नळी करण्यासाठी हिरावर गुंडाळलेला पातळ कागद. पहिली नळी वाकडी झाली, दुसरी खळीने भिजून फुगली, तिसरी साधली.

मग एकाने त्याच प्रमाणात माणसे कापली. पावणेसहा फुटांचा मनुष्य सात सेंटिमीटरांचा होतो. स्टुअर्टमध्ये चौघे बसत. ते चार कागदी जवान आत घालताना वाकवावे लागले, दुमडावे लागले, तेव्हा आतापर्यंत तोंडाने तोफा उडविणारी मुले एकाएकी गप्प झाली. पुढचे चिलखत सुमारे चार सेंटिमीटर जाडीचे. प्रतिकृतीत ते दीड मिलिमीटर उरते. लोखंडी पेटीत माणसे असतात, हे चित्रपटात दिसत नाही. ते कात्रीने दाखविले.

हाच रणगाडा का, यासही कारण आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी ब्रिगेडिअर सगत सिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर ७ व्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट उत्तरेकडून गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी डिचोली, असनोडा व शापोरा येथील पूल उडविले होते. तरी थिवीच्या बाजूने सरकणारी तुकडी त्याच संध्याकाळी मांडवीकाठी बेतीस पोचली. याच पथकाचे मेजर एस. एस. सिद्धू आग्वादच्या किल्ल्यातील कैद्यांना सोडविण्यास गेले असता मारले गेले. तेरा वर्षांपूर्वी, १ नोव्हेंबर १९४८ रोजी, याच पथकाने जोझी ला खिंडीत स्टुअर्ट चढविले होते. वाटेवरचे पूल वजन पेलावेत म्हणून वरचे तोफघर उतरवून ते वेगळे नेले होते. आमच्या प्रतिकृतीचे तोफघरही सुटे निघते. ते निघते म्हणून मुलांनी त्याचे कारण शोधले, आणि जोझी ला त्यांना नकाशात सापडली.

छापील तुकडे विकत आणून नुसते चिकटविण्याचा सोपा मार्ग हल्ली आहे. तो आम्हांस रुचत नाही. त्यात हात गुंततात, डोके मोकळेच राहते.

त्या पालकांचे एक म्हणणे मात्र आम्ही मान्य करतो. रणगाडा एकटा मांडला ही आमची चूक झाली. डिचोलीच्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजींना ही प्रतिकृती दाखविली, तेव्हा त्यांना रणगाडे आठवलेच नाहीत. आठवला तो पूल उडाल्याचा दणका, दावे तोडून रानात गेलेली गाभण म्हैस आणि तिला शोधायला जाऊ की नको अशा विवंचनेत दारात उभे राहिलेले वडील. म्हैस दुसऱ्या दिवशी परत आली, एवढे सांगून त्या हसल्या.

म्हणून येत्या वर्षी रणगाड्याशेजारी डिचोलीचा मोडलेला पूल ठेवावयाचा बेत आहे. त्याचे माप मात्र हाती नाही. कोणा वाचकाच्या घरी त्या पुलाचे जुने छायाचित्र असेल, तर ते हस्तकलेच्या वर्गात पाहावयास पाठवावे. काम होताच जसेच्या तसे परत करू.