मोतीला सोडायचे की नाही?

इंदापूर तालुक्याला समुद्र नाही, हे शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकाने आपल्याला सांगितलेले असते. पण पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागावे, सुमारे 100 किलोमीटरवर भिगवण गाठावे आणि डावीकडे वळून डिकसळची किंवा कुंभारगावची वाट धरावी. बाभळी संपतात आणि नजर पोहोचेल तिथवर पाणीच पाणी दिसते. लाटा आहेत, होड्या आहेत, मासळीचा वाससुद्धा आहे. नारळ तेवढे नाहीत! 1980 साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले. भिंत तिकडे सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात; फुगवटा मात्र इथवर आला. सुमारे 117 अब्ज घनफूट पाण्याचा हा साठा म्हणजेच यशवंतसागर.

आता शहरातल्या मंडळींची अडचण अशी, की घरातला कुत्रा हल्ली दारात नसतो, सोफ्यावर असतो. त्याला घरी ठेवून सहलीला जाववत नाही आणि हॉटेलवाले त्याला आत घेत नाहीत. मग चार मित्रांची कुटुंबे विचार करतात, ‘एखादा निवांत काठ गाठू. मुलेही मोकळी आणि कुत्रीही मोकळी.’ गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळींनी हाच विचार केला. दोन मोटारी, दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, चहाचा थर्मास, डॉक्टरांचा मोती आणि वकिलांचा ब्रूनो असा सरंजाम निघाला.

काठावर पोहोचतो तो उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा मोठा थवा उभा! मुले एकदम गप्प झाली. मोती मात्र कान टवकारून पट्ट्याला हिसके देऊ लागला.

“सोडा हो त्याला,” वकील म्हणाले. “इतक्या लांब आणले ते काय बांधून ठेवायला? इथे आहे तरी कोण?”

डॉक्टरांचा हात पट्ट्याच्या कडीकडे गेला, तोच होडीशेजारी जाळे सोडवीत बसलेले आजोबा म्हणाले, “नगा सोडू, सायेब. त्यो काय मारनार न्हाई त्यास्नी, ठावं हाय मला. पर जेवत्या पंगतीत कुत्रं शिरल्यावर मानसं उठत्यात का न्हाई? तशी ही बी उठत्यात. आन् सुट्टीच्या दिशी धा डाव उठावं लागतंय त्यास्नी.”

एवढ्या मोजक्या शब्दांत हा विषय आम्ही दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. रोहित पक्षी चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले शेवाळ व बारीक जीव खातो. पंखांचा गुलाबी रंगही त्याच अन्नातून येतो. एवढ्याशा घासांवर एवढे मोठे शरीर पोसायचे, म्हणजे दिवसभर जेवतच राहायला हवे. भरारी मारण्यात खर्च होणारी शक्ती त्याला पुन्हा त्याच चिखलातून मिळवावी लागते. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतात. इथली विश्रांती ही त्यांच्या परतीच्या प्रवासाची शिदोरी. टिटवी आणि नदीसुरय उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. मार्च-एप्रिलात मोकळा सुटलेला कुत्रा चावलाच पाहिजे असे नाही. त्याचा पाय पडला तरी पुरे.

आणि ‘इथे आहे तरी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर पाण्याखालीही आहे. पळसदेव गाव आज हमरस्त्याकाठी दिसते, पण जुने गाव धरणात गेले. पळसनाथाचे प्राचीन देऊळ पाणी फार आटले की वर येते. 2024 च्या उन्हाळ्यात ते असेच बाहेर आले आणि लोक दर्शनाला गेले. पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या तळावर गाळपेर होते, धनगरांची मेंढरे चरतात. म्हणजे आपण ज्याला ‘निवांत’ म्हणतो तो काठ रिकामा नाही. कुणाचे ते शेत आहे, कुणाचे ताट आहे आणि कुणाचे बुडालेले अंगण आहे. धनगराचा कुत्रा पाहा! मालकाच्या एका शिटीवर जागच्या जागी बसतो. आपला ब्रूनो बिस्किट दाखविल्याशिवाय बसत नाही.

पट्टा कुत्र्याच्याही हिताचा आहे. काठावर तुटकी नायलॉनची जाळी, गळ आणि माशांचे काटे पडलेले असतात. वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो आणि त्यात पाय रुततात. पाण्यावर हिरवा तवंग असेल तर कुत्र्याला त्यात तोंड घालू देऊ नये. अशा शेवाळाच्या काही जाती विषारी असतात आणि कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. हे शेवाळ फोफावते कशावर? पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येते, त्यावर! आपल्याच न्हाणीघरातले पाणी पाहायला आपण पेट्रोल जाळून 100 किलोमीटर जातो, असे वकीलच नंतर म्हणाले. तेव्हा कुत्र्यासाठी प्यायचे पाणी घरूनच न्यावे.

होडीत बसताना कुत्र्याला काठावर कुणाजवळ तरी ठेवावे आणि माणसांनी तरंगते जाकीट घातल्याशिवाय पाय आत टाकू नये. हे पाणी दिसते शांत, पण मे 2024 मध्ये कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्याने होडी उलटली आणि सहा माणसे गेली.

मग कुत्र्याची मौज ती कोणती? ती भरपूर आहे. मोती आणि ब्रूनो त्या दिवशी पाण्यापासून दूर, बाभळींच्या गाडीवाटेवर मुलांबरोबर तासभर हुंदडले. पट्टे लांब होते, त्यामुळे कुणाचे काही अडले नाही. पुढे बाभळीखाली दशम्या सुटल्या तेव्हा दोघेही पंक्तीला हजर होते. आजोबांनाही आम्ही बोलावले. चटणी त्यांनी दोनदा मागून घेतली आणि मोतीला दशमीचा तुकडा टाकीत म्हणाले, “गुनी हाय.”

दिवाळी सरली की थंडी पडेल आणि रोहितांचे थवे उतरू लागतील. आपल्या घरी मोती असेल तर त्यालाही अवश्य न्या. फराळाचे डबे भरताना त्याचा पट्टा आणि पाण्याची बाटली आधी पिशवीत टाका. आणि काठावर गेल्यावर, पक्षी पाण्यात असतील तर आधी त्यांचे जेवण होऊ द्या.