फोन वाजण्याआधी आडनाव

अनोळखी नंबरवरून फोन आला तरी आता समोरच्याचं नाव पडद्यावर दिसणार, ही बातमी तुम्हीही वाचली असेल. ती बहुतेक ठिकाणी आनंदाची बातमी म्हणूनच छापून आली. कर्ज विकणारे ओळखू येतील, ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून म्हाताऱ्या माणसांना लुटणारे सापडतील, ट्रूकॉलरची गरज उरणार नाही. माझ्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही ती दोनदा आली, दोन्ही वेळा अंगठ्यासकट.

या सोयीचं नाव सीएनएपी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रायने तिची शिफारस केली तेव्हा ग्राहकाने मागितली तरच ती द्यावी, असं म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचं म्हणणं ट्रायने मान्य केलं: सोय सगळ्यांना आपोआप सुरू होईल, नको असेल त्याने बंद करून घ्यावी. आता हे ‘नको असेल त्याने’ नीट वाचा. बंद करायचं ते फोन घेणाऱ्याने, आपल्या पडद्यावर नावं येऊ नयेत म्हणून. फोन करणाऱ्याचं नाव जातच राहणार. ज्यांना नंबर लपवण्याची खास परवानगी आहे ते सुटतात, आणि ती परवानगी तुम्हाआम्हाला मिळत नसते. नाव कुठलं दिसणार, तर सिम घेताना अर्जावर भरलेलं. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत आधार कार्डावरचं, पूर्ण. सिम वडिलांच्या नावावर असेल तर वडिलांचं. आपल्यातल्या कितीतरी मुलींचे फोन अजून तसेच आहेत.

मराठीत ‘पूर्ण नाव’ म्हणजे काय हे मी सांगायला नको. पुण्यात खोली शोधताना फोनवर आधी नाव विचारायचे, मग ‘आडनाव?’, आणि मग ‘कळवतो’. निदान तेव्हा प्रश्न विचारायला तोंड उघडावं लागायचं. विचारणाऱ्याच्या आवाजातला बदल ऐकू यायचा आणि आपल्यालाही काय झालं ते कळायचं. आता फोन वाजतानाच आडनाव दिसेल आणि समोरचा तो उचलणारच नाही. आपण समजू, माणूस कामात असेल.

हे संशयाचं खूळ नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक होता तो नावात. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश, मुस्लीम नावाला एक-तृतीयांश. मुलाखत नाही, आवाज नाही, चेहरा नाही. नुसतं कागदावरचं नाव. दुसरी बाजूही सांगते. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात असाच प्रयोग केला होता, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत त्यांना सवर्णेतर नावांविरुद्ध असा फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र आढळला. माझं वाचन असं की जिथे माणसाने गिऱ्हाइकाशी बोलायचं असतं तिथे ‘शोभतो का’ हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर आडनावावरून काढणं सगळ्यात स्वस्त पडतं. घरमालकाचंही तेच.

चेन्नईत आल्यापासून मला या प्रश्नाची दुसरी बाजू रोज दिसते. इथे माझं आडनाव मुकं आहे. नुंगंबाक्कममध्ये खोली शोधताना ‘टू-लेट’च्या पाट्यांवरचे नंबर फिरवत होते, तेव्हा पूर्ण नाव सांगूनही समोरून काहीच घडलं नाही, कारण ऐकणाऱ्याला त्यातून काही कळतच नव्हतं. मराठी आडनावाची किल्ली मराठी कुलपालाच लागते. (लगेच हुरळून जाऊ नका. पुढचा प्रश्न ‘व्हेज की नॉनव्हेज’ असा यायचा, आणि त्याचा संबंध स्वयंपाकापेक्षा कशाशी होता हे दोन्ही बाजूंना ठाऊक असायचं.)

माझ्या तमिळ मैत्रिणीला आडनावच नाही. तिचं नाव आणि आधी एक अक्षर, वडिलांच्या नावाचं. कॉलेज रोडवरच्या एका कार्यालयात आम्ही दोघी अर्ज भरत होतो. तिने माझ्या कागदाकडे पाहून विचारलं, “म्हणजे तुमच्याकडे जात नावाच्या शेवटी लिहितात, आणि मग खाली दुसऱ्या रकान्यात पुन्हा जात विचारतात?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मग खालचा रकाना कशाला?” तिला तो विनोद वाटला होता. मला बराच वेळ उत्तर सुचलं नाही.

तिचं एक अक्षर आपोआप आलेलं नाही. फेब्रुवारी १९२९ मध्ये चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची प्रांतिक परिषद भरली आणि नावामागची जातीची शेपटं टाकून देण्याचा ठराव झाला. पेरियारांनी ‘नायकर’ टाकलं, परिषदेचे अध्यक्ष सौंदरपांडियन यांनी ‘नाडार’. पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने रस्त्यांच्या नावांतूनही जात काढायला घेतली. ते काम अजून संपलेलं नाही. कुमरप्पा मुदली स्ट्रीट हे नाव नुंगंबाक्कमच्या पत्त्यांत आजही चालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये रस्त्यांची, वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा नवा आदेश राज्य सरकारने काढला आणि त्याच महिन्यात कोइंबतूरच्या नव्या उड्डाणपुलाला जी. डी. नायडू यांचं नाव दिलं, शेपटासकट. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०२० मध्ये महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा ही नावं काढून समता नगर, भीम नगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला होता. पण माणसांच्या आडनावाला आपल्याकडे कुठल्याच सरकारने हात लावला नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं, हे फार चांगलं झालं. आडनाव मात्र शेवटी जिथल्या तिथे.

तर, ज्या समाजाने आडनाव टाकलं त्याचं संगणकाने काय केलं? जेमिनी उड्डाणपुलाजवळ, नुंगंबाक्कमच्या टोकाला, अमेरिकी वकिलात आहे. तिच्या रांगेत उभे असलेल्या कितीतरी तमिळ इंजिनिअरांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो. अमेरिकी व्हिसाला रिकामा रकाना चालत नाही. मग असलेलं एकच नाव आडनावाच्या जागी सरकतं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापलं जातं, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’. आई-बापांनी विचार करून ठेवलेलं नाव असताना माणूस ‘पहिलं नाव अज्ञात’ होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारला. नंतर पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल, अशी सवलत द्यावी लागली.

या अडचणी तांत्रिक आहेत असं सांगितलं जातं. मी ते मानत नाही. संगणकाला आडनाव लागत नाही; अक्षरांची एक ओळ साठवायला त्याला काहीच हरकत नसते. ‘फर्स्ट नेम, लास्ट नेम, लाल तारा’ हा साचा कुणाच्या तरी घरच्या सवयीतून आला आणि सगळ्या जगाच्या अर्जांवर बसला. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जगभरच्या नावांवर मार्गदर्शन लिहून ठेवलंय: शक्य असेल तिथे पूर्ण नावाचा एकच रकाना द्या, नावाचे तुकडे खरोखर लागत असतील तरच मागा. वर्षानुवर्षं ते सगळ्यांसाठी खुलं आहे. तरी आपल्या शिष्यवृत्तीच्या, वसतिगृहाच्या, नोकरीच्या अर्जांत लाल तारा तसाच आहे.

आता चळवळीतल्या लोकांचा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. आडनाव का लपवायचं? आपण ते मान वर करून सांगतो. ज्यांनी ते बदलून गावाच्या नावाला ‘कर’ लावलं त्यांची आपण थट्टाही केली आहे. शिवाय तमिळनाडूत आडनाव गेलं म्हणून जात कुठे गेली? हा दुसरा भाग अगदी खरा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती के. चंद्रू समितीने जून २०२४ मध्ये अहवाल दिला. जातीच्या रंगाचे मनगटी दोरे बंद करा, शाळांच्या नावांतली जात काढा, अशा शिफारशी त्यात आहेत. नावाच्या शेवटून काढलेली जात पोरांच्या मनगटावर येऊन बसली होती. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जुनी नावं जुन्या कल्पना जागवतात, म्हणून ती टाकली पाहिजेत, असं मांडलं. पण तिथेच न थांबता ते धर्मशास्त्रांच्या प्रामाण्यापर्यंत गेले. नुसतं नाव बदलून भागतं असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

तरीही मला दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटतात. मी माझी जात सांगते ती माझ्या हक्कासाठी: शिष्यवृत्तीच्या अर्जात, आरक्षणाच्या रकान्यात, उद्या जनगणनेत. तिथे प्रश्न उघड आहे, उत्तर कशासाठी घेतलं जातंय हे माहीत आहे. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर हेच: खालचा रकाना हवाच, वरचा नको. तमिळनाडूत ‘पहिला पदवीधर’ ही सरकारी नोंद आहे. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेलं पहिलं माणूस असल्याचा दाखला मिळतो आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात शुल्काची सवलत मिळते. ही माहिती कुठल्याच आडनावात नसते. ती विचारावी लागते, आणि विचारून घेतली की तिचा उपयोग होतो. माझ्या प्रत्येक फोनबरोबर, माझ्या मर्जीशिवाय, घरमालकाला, दुकानदाराला, कंपनीच्या एचआरला जे आडनाव पोचतं त्यातून मला कुठला हक्क मिळतो?

आणि आडनाव बदलण्याची थट्टा करणाऱ्यांनी एकदा तो खटाटोप करून पाहावा. राजपत्रात नाव छापून आणायचं, मग दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँक, सगळीकडे अक्षर न् अक्षर जुळवायचं. एका ठिकाणी वेलांटी चुकली की पोर्टल अर्ज अडवतं. जात पडताळणीला जाल तेव्हा अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्या पुराव्यावर आजोबांचं जुनं आडनाव असतं. मग जुनं नाव आणि नवं नाव एकाच घराचं आहे हे सिद्ध करत फिरायचं. ज्यांच्या घरात कागदपत्रं सांभाळायची तीन पिढ्यांची सवय आहे त्यांना आडनाव बदलायची गरज पडत नाही. ज्यांना गरज पडते त्यांच्याकडे कागद नसतात.

यंत्राने फुकटात बदलून दिलेल्या आडनावाचीही गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने ती छापली. बंगळुरूतल्या एका दलित समाजशास्त्रज्ञाने संशोधनवृत्तीच्या अर्जाचं इंग्रजी सुधारायला चॅटजीपीटीला दिलं. इंग्रजी सुधारलं, आणि सोबत त्यांचं आडनाव ‘शर्मा’ झालं. याच वृत्तपत्रिकेने जीपीटी-५ ला रिकाम्या जागा भरायला १०५ वाक्यं दिली. त्यातल्या ८० ठिकाणी त्याने ठरलेल्या साच्यातलंच उत्तर निवडलं. हुशार माणूस ब्राह्मण, गटार साफ करणारा दलित, या धर्तीचं. आपल्यातले बहुतेक जण हेच साधन याच कामाला वापरतात, मीही वापरते, कारण इंग्रजी तपासून द्यायला आपल्या घरात कोणी नसतं. अर्ज पाठवण्याआधी स्वतःचं नाव पुन्हा एकदा वाचा, एवढं सांगते.

फोनच्या योजनेबद्दल माझं म्हणणं साधं आहे. फसवणूक खरी आहे आणि तिला आळा बसायला हवा. बँका, कंपन्या, एकगठ्ठा फोन करणारे यांची नोंदणीकृत नावं जरूर दाखवा. एकट्या माणसाचं किती नाव दाखवायचं हे त्या माणसाला ठरवू द्या. नुसतं ‘सुनीता’ किंवा ‘आर. सुनीता’ दिसल्याने फोन घेणाऱ्याचं काही बिघडत नाही. पोलिसांना पूर्ण नाव हवं असेल तर ते कंपनीच्या दप्तरात आहेच.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत, काही महाविद्यालयांच्या संगणक कक्षांत, काही जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पोर्टलं सांभाळतात. पुढच्या वेळी अर्जाचा आराखडा तुमच्या टेबलावर आला की आडनावासमोरचा तारा कशासाठी आहे, हे बैठकीत विचारा. ‘सगळीकडे असतो’ असं उत्तर येईल. गुगलचं नवं खातं उघडायचा अर्ज त्यांना दाखवा. त्यात आडनावाच्या रकान्यात ‘ऐच्छिक’ असं लिहिलेलं आहे.