मागचं झाकण उघडा

ड्रायर म्हटलं की परदेशातलं गरम हवेचं यंत्र डोळ्यांपुढे आणू नका. आपल्या इंदुरातल्या घरांत ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा तो छोटा टब, कपडे गरगर फिरवून पाणी काढणारा. भर पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा त्याची किंमत कळते. नेमका तेव्हाच तो बंद पडला, की घरात दोनच वाक्यं ऐकू येतात: "भैयाला बोलवा," नाहीतर "आता नवीनच घेऊन टाकू." माझं म्हणणं, यांच्याआधी तिसरं वाक्य यावं: "उघडून बघू या."

मशीन रोज चालवते आई. "आज जरा जड फिरतंय" हे सगळ्यात आधी तिलाच कळतं. पण मागचे स्क्रू काढणं हे तिचं काम नाही, असं आपण धरूनच चालतो. मुलगी फिजिक्सच्या पेपरात इंडक्शन मोटरवर पानभर लिहिते, मार्क मिळवते. घरातली तीच मोटर मात्र तिला परकी. मला हे खटकतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ड्रायरची मोटर आई आणि मी, आम्ही दोघींनी बदलली. टॉर्च माझ्याकडे, पाना आईच्या हातात. मोटर नुसती गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर आधी ब्रेक अडकलाय का आणि कपॅसिटर गेलाय का ते बघायचं. कित्येकदा मोटर चांगलीच असते. आमची मात्र खरंच जळली होती. टबाखालचं रबरी सील फाटून पाणी थेट तिच्यावर ठिबकत होतं. म्हणून महारानी रोडवरून मोटरीबरोबर सीलही आणलं. नाहीतर नवी मोटरही त्याच वाटेने गेली असती.

वायरिंगला सगळे घाबरतात. मोटरीतून तीन वायरी निघतात. रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून रंगांवर भरवसा नको. मल्टीमीटरने दोन-दोन वायरींमधला रोध मोजायचा. ज्या जोडीत आकडा सगळ्यात मोठा, ती जोडी सोडून उरलेली वायर कॉमन. कॉमनपासून कमी रोध दाखवते ती साधारणपणे रनिंग, जास्त दाखवते ती स्टार्टिंग. या दोघींच्या मध्ये कपॅसिटर. वीज कॉमन आणि रनिंगला. कपॅसिटर बदलायचा तर जुन्यावरचाच मायक्रोफॅरडचा आकडा बघून घ्यायचा. आणि जुन्या वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. बस, एवढंच.

"करंटशी खेळ नको," असं काकू म्हणतील. भीती रास्तच आहे. 230 व्होल्ट चेष्टा करत नाहीत. म्हणून नियम ठरलेले: नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा; प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरू शकतो, तो उतरवल्याशिवाय हात लावायचा नाही; जमीन कोरडी हवी; अर्थिंगची वायर होती तिथेच परत बसवायची; झाकण लावल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. यातलं एक जरी जमणार नसेल, तर भैयाला बोलवण्यात कमीपणा काहीच नाही. पण तेव्हाही बिघाड कुठे आहे हे आपल्याला कळलेलं असावं. जाणकार गिऱ्हाईक चांगल्या कारागिराला आवडतंच. अडचण होते ती फसवणाऱ्याची.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. घरगुती उपकरणंही त्यात येतात. पण हक्क कागदावर मिळाला तरी पाना आपल्यालाच उचलावा लागतो. 2017 पासून सलग सात वेळा देशातलं सगळ्यात स्वच्छ ठरलेलं आपलं शहर ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकलं. आता दुरुस्त होणारी वस्तू कचऱ्यात जाऊच नये, हेही शिकायला हवं.

आणि आपल्या साहित्य मंडळाला एक विनंती. पावसावरच्या कविता आपण दरवर्षी छापतो, छापाव्यातच. सोबत एक पान दुरुस्तीलाही द्या. मिक्सर, पंखा, ड्रायर, जे ज्याने उघडलं त्याने ते सोप्या मराठीत लिहावं. सील, कॉमन, कपॅसिटर हे शब्द आले तर येऊ द्या. ज्या भाषेत आई "जड फिरतंय" म्हणते, त्याच भाषेत ते का जड फिरतंय हेही वाचायला मिळालं पाहिजे.