नातलग नसलेल्या गावी दोघांनी जावे



आपल्या वस्तीतील नवरा-बायको वर्षाकाठी कोठे कोठे जातात, याची एकदा बोटांवर मोजणी करून पाहा. लग्नाला जातात, साखरपुड्याला जातात, कोणाच्या पुण्यानुमोदनाला जातात. बाळंतपणाला लेकीकडे जातात. दुखणे मोठे असले तर जळगावला किंवा धुळ्याला डॉक्टरकडे जातात. १४ ऑक्टोबरला नागपूर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमी. ही झाली आपली सारी भ्रमंती.

या सर्व जाण्यात एक गोष्ट सारखी आहे. काहीतरी काम असते म्हणूनच आपण जातो, आणि जेथे कोणी आपले असते तेथेच जातो. बरोबर पोरेबाळे असतात, पिशव्या असतात. पोहोचल्यावर पुरुष मंडळी ओट्यावर गप्पा मारीत बसतात आणि घरची बाई तेथील बायकांबरोबर भाकरी थापायला बसते. गाव बदलते, परंतु तिची चूल काही सुटत नाही.

काही काम नसताना, केवळ दोघांनी, दोन दिवस एखाद्या लहानशा गावी जाऊन यावे, असे कोणी म्हटले तर लोक हसतात. 'ही साहेब लोकांची थेरं' असे म्हणतात. आम्ही मागे हिवाळ्यात उभयता चाळीसगावला निघालो, तेव्हा गल्लीतील एका म्हाताऱ्या आजीने हटकले, "कथा चालनात? कोनं लगीन शे?" लग्न नाही, सहज चाललो आहोत, असे सांगितल्यावर आजी बराच वेळ आमच्याकडे पाहतच राहिल्या. त्यांचा दोष नाही. सहज जाणे हा शब्द त्यांच्या आयुष्यात कधी आलाच नव्हता.

असे का झाले, याचा विचार केला पाहिजे. गरिबी हे एक कारण आहेच, परंतु तेवढेच नाही. आपल्या आजा-पणजांना नातलग नसलेल्या गावी जाणे शक्यच नव्हते. तेथे पाणी कोण देणार? रात्री अंग टाकायला ओटा कोण देणार? म्हणून गाव निवडताना पहिला प्रश्न असे, 'तेथे आपले कोण आहे?' तीच सवय आपल्या हाडात मुरली आहे.

बाबासाहेबांनी आपल्या प्रवासातील अनुभव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या लेखनात सांगितले आहेत. परदेशातून शिकून आलेला हा माणूस १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीसाठी गेला, तर त्याला राहायला खोली मिळेना. पारशी नाव लावून एका पारशी वसतिगृहात राहावे लागले आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. १९३४ मध्ये सहकाऱ्यांच्या आग्रहावरून बाबासाहेब प्रेक्षणीय स्थळे पाहायला निघाले. होय, सहलच होती ती! वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याचा बेत होता. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, म्हणून केवढा गहजब झाला. शेवटी त्यांनी पाण्याला स्पर्श करू नये यासाठी बरोबर एक शिपाई देण्यात आला आणि मगच किल्ला पाहता आला.

आणि तिसरा प्रसंग आपल्या खानदेशातला, याच चाळीसगावचा आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब येथे आले होते. धुळ्याच्या फाट्यावरील एका गावी बहिष्काराची चौकशी करून ते आगगाडीने चाळीसगावला परतले. वस्ती स्टेशनपासून सुमारे दोन मैलांवर, नदीपलीकडे होती. स्टेशनवर टांगे पुष्कळ, परंतु त्यांना नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्यांनी पायी चालावे हेही वस्तीतील लोकांना बरे वाटेना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातीलच एक जण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. नदीवरील फरशी पुलाला कठडे नव्हते, नुसते दगड लावलेले होते. घोडा उधळला, चाक दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला आणि कितीतरी दिवस अंथरुणावर काढावे लागले.

आज त्याच स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या असतात. रिक्षावाला 'कुठे जायचं?' एवढेच विचारतो आणि आपण बसतो. ही साधी गोष्ट वाटते, परंतु ती आपोआप मिळालेली नाही. आम्ही रिक्षात बसलो तेव्हा आमच्या सहचारिणी एवढेच म्हणाल्या, "अहो, यासाठी तरी माणसानं गाव सोडून बाहेर पडावं." आमच्या मते दहा भाषणांचे सार त्यात आले.

आता चाळीसगावच का, हे सांगतो. जळगावहून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेवर पाचोऱ्याच्या पुढे हे स्टेशन आहे. धुळ्याहून तर थेट फाट्याची गाडीच आहे. सुमारे ५७ किलोमीटरचा हा फाटा १९०० साली सुरू झाला, म्हणजे बाबासाहेब याच रुळांवरून गेले होते. एस.टी.ने गेलात तर २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे दोघांचे मिळून दीड तिकीट! खर्चाची तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

पहिल्या दिवशी गाव पाहावे. स्टेशनजवळच केकी मूस यांचे दगडी घर आहे. १९१२ साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ मोठे छायाचित्रकार, चित्रकार आणि शिल्पकार होते. घरातल्याच टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून ते असे फोटो काढीत की पाहणाऱ्याला डोंगर, बर्फ, वाटा दिसाव्यात. जवळजवळ ५० वर्षे ते घराबाहेर क्वचितच पडले आणि १९८९ मध्ये वारले. लोक सांगतात की, त्यांची प्रिय व्यक्ती पंजाब मेलने येणार होती, म्हणून ती गाडी जाईपर्यंत ते रोज रात्री जेवण मांडून जागे राहत. ती कधी आली नाही. त्यांची कलादालनाची वास्तू आधी चौकशी करून जरूर पाहावी.

संध्याकाळी तितूर आणि डोंगरी नद्यांच्या या गावात पायी फिरावे. बाजारात उगीचच हिंडावे. रात्री एखाद्या साध्या खानावळीत शेवभाजी आणि भाकरी खावी. हिवाळा असेल तर भरीत मागावे. दुसऱ्याने थापलेली गरम भाकरी आपल्या ताटात पडणे म्हणजे काय सुख आहे, हे घरच्या बाईलाच विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघावे. एका बाजूला सुमारे १८ किलोमीटरवर पाटणादेवीचा परिसर आणि गौताळ्याचे अभयारण्य आहे. पाटण येथे १३व्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांच्या नातवाने तेथे मठ स्थापल्याचे त्यात कोरले आहे. गणिताला घाबरणाऱ्या आपल्या मुलांना घरी आल्यावर ही गोष्ट सांगावी.

परंतु आमचे मन रमले ते पितळखोऱ्याच्या लेण्यांत. घाट चढून कन्नड तालुक्याच्या हद्दीत जावे लागते आणि मग पायऱ्यांनी दरीत उतरावे लागते. ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, इसवी सनापूर्वी खोदायला घेतलेली आहेत. चैत्यगृह आहे, विहार आहे, कातळात कोरलेल्या हत्तींची ओळ आहे, दारावर भाला-ढाल घेतलेले रक्षक आहेत. ती राजवाड्याच्या पैशावर झाली असे समजू नका. तेथील लेखांत पैठणच्या अत्तर विकणाऱ्या कुटुंबाचे दान आहे. राजवैद्य मागिल याचे दान आहे, आणि त्याबरोबर त्याच्या मुलाचे व मुलीचेही नाव आहे. म्हणजे दान देताना मुलीचे नाव गाळले नाही! येथेच सापडलेली यक्षाची एक हसरी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती घडविणाऱ्या कारागिराने हातावर आपले नाव कोरले आहे, सोनार कन्हदास. डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात, यंत्रमागावर राबणाऱ्या आपल्या माणसांना हे नक्की पाहावेसे वाटेल. कामावर आपले नाव लिहिण्याचा मान त्या काळी कष्टकऱ्याला होता.

पावसाळ्यात मात्र पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून थंडीत जावे आणि उन्हे उतरण्यापूर्वी परतावे. पाणी व शिदोरी बरोबर असावी. लॉजसाठी दोघांचीही आधार कार्डे बरोबर ठेवावीत.

आता आक्षेपांकडे वळू. 'पैसे कोठून आणायचे?' रोजंदारीवरील माणसाचा खाडा म्हणजे मजुरी बुडाली, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून काम मंदीत असेल ते दिवस निवडा. दर महिन्याला थोडे थोडे डब्यात टाका. कर्ज काढून मात्र मुळीच जाऊ नका. 'मुलांचे काय?' आजी आहे, काकू आहे. नसतील तर शेजारच्या दोन कुटुंबांनी आळीपाळीने एकमेकांची मुले सांभाळावी. दोन दिवस जमतच नसतील तर धुळेकरांनी सकाळी लळिंगला जाऊन संध्याकाळी परत यावे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्यास आले तेव्हा ज्या लांडोर बंगल्यात राहिले, तो तेथेच आहे. यात्रेच्या गर्दीत आपण तेथे जातोच, एकदा शांतपणे दोघांनी जावे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. कोठे जायचे हे बाईला ठरवू द्यावे आणि पैशाचे पाकीटही तिच्याच हाती द्यावे. खिडकीची जागा तिची. गावात कोणी दूरचा नातलग निघाला तरी त्याच्याकडे उतरू नये, नाहीतर पुन्हा तीच चूल. मोबाईल पिशवीत ठेवावा. आणि बाटली बरोबर नेणार असाल तर बंधूंनो, घरीच राहा. पंचशील गावाच्या वेशीवर ठेवून जायचे नसते.

'पुढे पाहू' असे म्हणणाऱ्यांसाठी एक शेवटचे सांगतो. आमच्या ओळखीत रेल्वेतील एक गँगमन होते. आयुष्यभर रूळ सांभाळले, हक्काचे पास मिळत होते. बायकोला म्हणत, "रिटायर झालो की तुला सगळीकडे फिरवीन." निवृत्तीला आठ महिने उरले असताना ती माउली गेली. ज्या रुळांवरून सारा देश फिरला, त्यावरून ती माहेर आणि सासर यापलीकडे गेली नाही. मूस यांची गाडी आली नाही, त्याला इलाज नव्हता. या बाबांची गाडी तर रोज दारावरून जात होती.

आपल्या सहचारिणी रोज पहाटे उठून डबा करतात, शेतात, कारखान्यात, लोकांच्या घरी राबतात, रात्री सर्वांच्या शेवटी जेवतात. त्यांना साड्या घेऊन देणारे पुष्कळ आहेत. दोन दिवस शेजारी बसून त्यांचे ऐकून घेणारे थोडे. ज्या वाटांवर आपल्या बापजाद्यांना पाणी मिळाले नाही, त्या वाटांवर आज आपण तिकीट काढून, आपल्या खऱ्या नावाने, जोडीने जाऊ शकतो. हा हक्क मोठ्या किमतीने मिळाला आहे. तो पेटीत घडी घालून ठेवू नका.

या हिवाळ्यात दोघे मिळून एक गाव ठरवा. जेथे तुमचे कोणीही नाही, असे.

जयभीम!