साडेतीनशे पानं जास्तीची

नारायण धारपांवर पोसलेला वाचक पुढेमागे स्टीफन किंगपाशी पोचतोच. मीही पोचले आणि तिथेच रमले. म्हणून ‘द टॉमीनॉकर्स’वर (१९८७) माझा राग जरा जास्त आहे. अनोळखी लेखकाची कादंबरी फसली तर पुस्तक मिटून आपण मोकळे होतो. आवडत्या लेखकाला मात्र ‘पुढच्या प्रकरणात सावरेल’ म्हणत शेवटपर्यंत सवलत देत राहतो.

सुरुवात फर्मास आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं हेवन हे गाव. वेस्टर्न कादंबऱ्या लिहिणारी बॉबी अँडरसन घरामागच्या रानात अडखळते. मातीतून धातूची कड वर आलेली असते. हात लावावा तर बारीकशी थरथर. घरी तिचा म्हातारा कुत्रा पीटर. त्याच्या डोळ्यातला मोतीबिंदू चक्क लहान होऊ लागतो. वाईट असं काहीच घडलेलं नाही, बिचाऱ्या कुत्र्याला उलट दिसायला लागलंय, आणि धडकी आपल्याला भरते. हा खरा किंग.

पुढे ती वस्तू म्हणजे परग्रहावरचं यान निघतं आणि गावच बिघडतं. लोकांचे दात पडतात, जो तो बॅटऱ्या जोडून अचाट यंत्रं बनवत सुटतो, आणि किंग घरोघरी शिरून प्रत्येकाची कुळकथा सांगत बसतो. एका बातमीदाराचा जीव तर हवेत उडणारं कोकचं मशीन घेतं! तिथे मला हसू फुटलं. त्यानंतर कसली भीती?

त्याच वर्षी त्याची ‘मिझरी’ आली होती. एक खोली, जायबंदी कादंबरीकार आणि त्याला डांबून ठेवणारी त्याची चाहती. बास, एवढ्यावर झोप उडते.

‘ऑन रायटिंग’मध्ये किंगनेच पुढे सांगून टाकलं, की ‘टॉमीनॉकर्स’ लिहिताना तो कोकेनच्या पुरता आहारी गेला होता. रक्त थांबवायला नाकात बोळे घालून लिहीत होता. माणसाला झपाटून कामाला लावणारी, हुशारीचा भास देणारी आणि आतून पोखरणारी ती यानातली शक्ती कुठून आली, हे मग उमगतं. वाईट वाटतं. पण म्हणून मधली रटाळ पानं सुसह्य होत नाहीत.

२०१४ साली एका मुलाखतीत किंगनेही हे पुस्तक भयंकर वाईट असल्याचं कबूल केलं. सातशे पानांत साडेतीनशेची चांगली कादंबरी दडलेली असावी, असं त्याचं म्हणणं. मला विचाराल तर पीटर असलेलं एकही पान कापू नये. कोकच्या मशीनपासून कात्री लावावी.