विश्लेषण : शर्यतीचा वारसा – वेगाचा की कासऱ्याचा?

शंकरपटात बैलजोडी सुटते आणि काही सेकंदांत निकाल लागतो. त्या काही सेकंदांमागे अनेकदा एकाच घरातल्या दोन-तीन पिढ्यांची मेहनत असते. साडेसात वर्षांच्या बंदीनंतर २०२१ मध्ये या शर्यती पुन्हा सुरू झाल्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे ‘शर्यत होणार का’ हा प्रश्न मागे पडला आहे. शर्यतीच्या घराण्यांनी पुढच्या पिढीच्या हाती नेमके काय द्यायचे, हा प्रश्न मात्र तसाच उभा आहे.

शंकरपट म्हणजे काय?

पुणे, सातारा, सांगलीकडे बैलगाडा शर्यत म्हणतात. मराठवाड्याच्या काही भागांत आणि विदर्भात तिला शंकरपट किंवा नुसताच ‘पट’ म्हणतात. हलक्या गाडीला जोडी जुंपतात, गाडी हाकणारा तो धुरकरी. सरळ धावपट्टीवर जोडी पळते आणि वेळ सेकंदांत मोजली जाते. मुळात हा सुगीनंतरचा, यात्रेतला खेळ. जो बैल औत ओढायचा, तोच पटात पळायचा. त्याची दमछाक, त्याचे खाणे, त्याचा रुसवा घरातल्या पोराबाळांनाही ठाऊक असायचा. कासरा किती ताणायचा आणि कधी सैल सोडायचा, हे कोणत्याही शाळेत शिकवले जात नव्हते. ते बापाच्या शेजारी उभे राहून कळायचे.

बंदी का आली, कशी उठली?

केंद्राने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने प्रदर्शन व खेळांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही आणि त्याला पळवण्यासाठी इजा केली जाते, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण ती मुंबई उच्च न्यायालयात अडकली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. अटी स्पष्ट आहेत : जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, जास्तीत जास्त एक हजार मीटर अंतर, बैलाला मारहाण वा इजा करायची नाही.

साडेसात वर्षांत काय तुटले?

शर्यतीच्या शौकिनांत बैलाचे वय दातांवरून सांगतात : आदत, दुसा, चौसा. ऐन उमेदीची वर्षे मोजकीच. साडेसात वर्षांत बैलांची एक आख्खी पिढी धावपट्टी न पाहताच उतरणीला लागली. माणसांचेही तेच झाले. २०१४ मध्ये दहा-बारा वर्षांचा असलेला मुलगा पट पुन्हा सुरू झाला तेव्हा विशीच्या घरात पोहोचला होता. शिकायच्या वयात त्याच्या हाती कासरा आलाच नाही. दरम्यान शेतात ट्रॅक्टर आला, दावणी रिकाम्या झाल्या. पट परत आला. शिकण्याची सलगता मात्र आपोआप परत आली नाही.

अमेरिकेतले पेटी घराणे काय सांगते?

शर्यतीचा घरंदाज वारसा पाहायचा तर अमेरिकेतल्या ‘स्टॉक कार’ शर्यतींकडे पाहावे लागते. नाव ‘स्टॉक’, कारण मुळात दुकानात मिळणारी साधी मोटारच शर्यतीत उतरायची. जसा आपल्याकडे औताचा बैल. नॉर्थ कॅरोलायनातल्या पेटी घराण्याच्या चार पिढ्या या शर्यतीत उतरल्या. पहिल्या पिढीतल्या ली यांनी १९५९ मध्ये पहिली ‘डेटोना ५००’ जिंकली. निकाल इतका चुरशीचा की छायाचित्रे तपासून तो जाहीर व्हायला तीन दिवस लागले. त्याच वर्षी अटलांटातील एका शर्यतीत मुलगा रिचर्ड विजयी ठरला, तेव्हा आक्षेप घेतला तो खुद्द लींनीच. फेऱ्यांची मोजणी पुन्हा झाली आणि विजय बापाकडे गेला. नाते घरी, नियम मैदानात! पुढे १९५८ ते १९९२ अशा दीर्घ कारकिर्दीत रिचर्ड यांनी २०० विजय आणि सात अजिंक्यपदे मिळवली.

मग मे २००० मध्ये चौथ्या पिढीतला ॲडम वयाच्या १९ व्या वर्षी सरावात गेला. जुलैमध्ये त्याच वळणावर आणखी एक चालक दगावला. त्यानंतर इंजिन तत्काळ बंद करणारे बटण सक्तीचे झाले. २००१ मध्ये डेल अर्नहार्ट यांच्या मृत्यूनंतर मानेच्या संरक्षणाचे साधनही सक्तीचे झाले. ॲडमच्या स्मरणार्थ कुटुंबाने आजारी मुलांसाठी शिबिर उभारले. ते २००४ मध्ये सुरू झाले. सुरक्षेमुळे खेळ मेला नाही, उलट टिकला.

मराठवाड्यात धोका कशाचा?

धोका न्यायालयाचा कमी, बक्षिसांचा जास्त आहे. मोठ्या शर्यतींत आज ट्रॅक्टर, चारचाकी बक्षीस म्हणून लागते. रक्कम वाढली की बैल घरचा राहत नाही, गुंतवणूक होतो. विकत आणलेली जोडी आणि भाड्याचा धुरकरी जिंकू शकतो, पण बैल थकलाय हे त्याच्या श्वासावरून ओळखून पटातून माघार घेण्याची हिंमत घरच्या माणसातच असते. दुसरी गोष्ट जातीची. गाडा शर्यतींत बोलबाला खिलारचा. मुदखेडच्या परिसरातला बैल लाल कंधारी : गडद तांबडा, ओढकामाला दणकट. लातूरकडचा देवणीही वेगासाठी नव्हे, दूध आणि शेतकामासाठी ओळखला जातो. सगळी हौस वेगावरच गेली, तर या जाती दावणीतून उठायला वेळ लागणार नाही.

काय करायला हवे?

कायद्याची अट कागदावर आहे. ती धावपट्टीवर दिसली पाहिजे. जोडी सुटण्याआधी आणि आल्यावर पशुवैद्यकीय तपासणी व्हावी आणि काठी-टोचणी दिसताच जोडी बाद व्हावी, मग ती गावच्या पुढाऱ्याची का असेना. पटाबरोबर लाल कंधारी आणि देवणीचे संगोपन, ओढकाम यांनाही बक्षिसे हवीत. माळेगावच्या खंडोबा यात्रेसारखे पशुधनाचे मोठे व्यासपीठ नांदेड जिल्ह्यातच आहे. आणि निम्मे बक्षीस वेगाला, निम्मे निगराणीला, असा पायंडा एखाद्या गावाने तरी पाडावा.

पटाला विरोध करणाऱ्यांचा आक्षेप खोटा नाही. बैल स्वतःहून पटात नाव नोंदवत नाही. म्हणूनच त्याच्या वतीने ‘आज नको’ म्हणण्याची जबाबदारी धुरकऱ्याच्या घरावर येते. ली पेटींनी मुलाच्या विजयावर आक्षेप घेतला, तेवढा काटेकोरपणा आपल्या पटात आला तर पुन्हा बंदीची वेळ येणार नाही. मुलाला वेगवान जोडी देणे पैशाने जमते. कासरा कधी ओढायचा, हे मात्र घरातच द्यावे लागते. आणि खरा वारसा तोच.